भिंतीतले गोचीड

ती प्रकल्पात आली त्या दिवशी मी तिच्याकडून एकच फॉर्म तीनदा लिहून घेतला. पहिल्यांदा तिनं 'संकरित' हा शब्द चुकवला होता, दुसऱ्यांदा गाईचं वय वासराच्या रकान्यात गेलं होतं. तिसऱ्यांदा काहीच चूक नव्हती. तरी मी तो कागद थोडा वेळ हातात धरून ठेवला आणि म्हटलं, "अक्षर जरा सुधारा."

"व्हय म्याडम," ती म्हणाली आणि हसली. तिला माझा राग आला नाही, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं.

आमचं काम गोचिडांचं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गोठ्यांमध्ये कुठल्या प्रकारचे गोचीड सापडतात, ते कुठला रोग पसरवतात आणि त्यांना आवरायचं कसं, हे शोधायचा तीन वर्षांचा प्रकल्प होता. शिरूरच्या एसटी स्टँडमागे बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या होत्या. एकीत मायक्रोस्कोप, फ्रिज आणि काचेच्या छोट्या बाटल्यांची लाकडी मांडणी. दुसरीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. प्रकल्पाचे प्रमुख महिन्यातून एकदा पुण्याहून यायचे. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. ते नसताना त्या दोन खोल्यांची मालकीण मीच.

मी पशुवैद्यक आहे आणि परजीवी या विषयात माझं पुढचं शिक्षण झालंय. वडील रेल्वेत गँगमन होते, आम्ही दौंडमध्ये वाढलो. मला पदवी मिळाली तेव्हा आमच्या वॉर्डातल्या विहारात माझा सत्कार झाला होता. शेजारच्या काकूंनी आपल्या मुलींना पुढं ढकलून मला हात लावायला सांगितलं होतं, जणू हुशारी हातातून हातात जाते. ते सगळं मी मनात जपून ठेवलं होतं. त्यामुळे ही वरवंडच्या बागायतदाराची, दहावीनंतर पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका केलेली, लग्न होऊन कारेगावला राहायला आलेली पोरगी मदतनीस म्हणून आली, तेव्हा आमच्या दोघींमधलं अंतर मला अगदी स्पष्ट दिसत होतं. मी वर होते, ती खाली.

महिनाभरात ते अंतर उलटं झालं. निदान गोठ्यांमध्ये तरी.

आधी आठ महिने मी एकटीच फिरत होते. गोठ्यात जायचं, हातमोजे घालायचे. गाईच्या कानात, गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर, कासेजवळ आणि शेपटीखाली बघायचं. चिमट्यानं गोचीड काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकायचे, बाटलीवर चिठ्ठी लावायची. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. मग मालकाला सव्वीस प्रश्न विचारायचे. लोक उत्तरं द्यायचे. "या म्याडम, बसा म्याडम, चहा घ्या म्याडम." ओसरीवर प्लास्टिकची खुर्ची यायची आणि सव्विसावा प्रश्न संपला की सगळे मी उठायची वाट बघायचे.

तिच्याबरोबर पहिल्यांदा खुटबावला गेले तेव्हाची गोष्ट. तिथं एक मावशी होत्या. साठीच्या पुढच्या, पाच संकरित गाई एकट्या बघणाऱ्या. मुलगा यवतला नोकरीला, सून शाळेत शिक्षिका. मी त्यांच्याकडे चार वेळा जाऊन आले होते. हिनं गोठ्यात पाऊल टाकलं, कोपऱ्यातल्या कालवडीच्या मानेखाली हात घातला आणि खाजवत म्हणाली, "मावशी, हिला भाकरी चारता काय ओ? लाडावलीय ही."

मावशी खुदकन हसल्या. "तुला कसं कळलं गं पोरी?"

"तोंड बघा की तिचं. खिशात काय हाय ते हुंगतीय."

झालं. मी फॉर्म भरायला पेन काढेपर्यंत दोघी घरात गेल्या होत्या. चुलीपाशी बसून मावशी तिला सांगत होत्या की कुठल्या गाईला कवा ताप आला, कुठली दुधाला आटली, कुठलं वासरू का गेलं. मी ओसरीवर खुर्चीत बसून आतला आवाज ऐकत होते. माझ्यापुढं चहाचा कप होता, नवा, बशीसकट. तिला बहुतेक स्टीलच्या पेल्यात मिळाला असेल.

मला त्या पेल्याचा हेवा वाटला. आता लिहिताना हे बालिश वाटतं, पण तेव्हा आत काहीतरी कुरतडत होतं. मी 'म्याडम' होते, ती 'पोरी' होती. मला 'तुम्ही' होतं, तिला 'गं'. इतकी वर्षं शिकून मी जो मान मिळवला होता, तोच मला ओसरीवर बसवून ठेवत होता, आणि ही पोरगी तो मान नसल्यामुळे आत जात होती.

की फक्त मानामुळे नव्हे? दुसरंही एक कारण मला ठाऊक होतं आणि ते खोटं नव्हतं. ती आली त्याच उन्हाळ्यात वरवंडच्या पुढं एका मोठ्या गोठ्यात आम्ही दोघी गेलो होतो. मालक आप्पा मोठे हौशी. मी भिंगातून गोचीड दाखवला तर खूष झाले. "ह्या यंत्रातनं गोचिडाची जात कळती व्हय?"

"कळते ना," मी म्हटलं.

"भारी हाय. आन् म्याडम, तुमचं आडनाव काय म्हनलात?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, हसणं तसंच राहिलं. पाणी आलं ते तिच्या हातात तांब्या-पेला असं आणि माझ्या ओंजळीत वरून. गड्यानं ते इतक्या सवयीनं केलं की मीही सवयीनंच ओंजळ पुढं केली. प्यायल्यावर हात पुसताना मी तिच्याकडे बघितलं. ती गाईच्या कासेशी वाकून गोचीड मोजत होती. तिनं बघितलं की नाही, ते मला कळलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या हेव्याला टेकायला भिंत मिळाली. तिला दारं उघडतात ती तिच्या आडनावामुळे, असं मी स्वतःला सांगू लागले. ते अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याचा मला मोठा आधार झाला. कारण उरलेलं अर्धं मला बघायचं नव्हतं. गाईला हात लावताना मी मोजे काढत नव्हते. प्रश्न विचारताना मी फॉर्मकडे बघत होते. आणि कुणी सव्वीस प्रश्नांबाहेरचं काही सांगायला लागलं, की मी पेन फॉर्मखालच्या पुठ्ठ्यावर टकटक वाजवत होते.

सर महिन्याच्या भेटीला आले. तिनं लिहिलेली वही चाळत बराच वेळ बसले. मग मला म्हणाले, "हिचं बघा. फॉर्ममध्ये नाही ते वहीच्या मागच्या पानावर लिहिते. हे खरं फील्डवर्क."

ती लाजून म्हणाली, "तसं न्हाई सर, बायका बोलतात त्ये लिव्हते."

"तेच तर," सर म्हणाले.

मी हसले. मग पुढचे पंधरा दिवस तिला लांबची गावं दिली. तिच्या चिठ्ठ्यांमध्ये ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसले. तिनं आमच्या ग्रुपवर एका गोठ्यातला फोटो टाकला, त्याला सरांनी अंगठा दिला, तर मी खाली लिहिलं, "पुढच्या वेळी फोटोत पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो." तिनं उत्तर दिलं, "ओके म्याडम, लक्षात ठेवते." पुढच्या फोटोत पट्टी होती. मला तिची चूक हवी होती आणि ती माझ्या हाती चूक लागू देत नव्हती.

वैशाखातल्या एका दुपारी ती खुटबावहून आली. स्कूटीच्या धुळीनं चेहरा माखलेला. ओढणी सोडायच्याही आधी तिनं एक बाटली माझ्यापुढं ठेवली.

"म्याडम, हे बघा. मावशींच्या गोठ्यातनं आणलेत. पर गाईवरनं न्हाई, भितीतनं."

"भिंतीतून?"

"व्हय. मावशी म्हनल्या, तीन डाव औषध मारलं तरी कमी व्हईनात. मी इचारलं, येतात कुठनं मग? त्या म्हनल्या, ह्या दगडाच्या फटीतनं येतात, मी डोळ्यानं बघितलेत. मग मी केसातला आकडा काढला आन् फट खरडली. भसाभसा बाहेर आले. मावशी ह्याला चुडेवाला म्हनतात. पाय बघा ह्येचे."

मी बाटली खिडकीपाशी धरली. आठ-नऊ गोचीड होते. लांब पाय, आणि प्रत्येक पायावर फिकट पिवळी कडी, चुडा भरल्यासारखी. मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. मी क्षणात ओळखलं.

आणि त्याच क्षणी मला कळलं की माझं आठ-दहा महिन्यांचं काम कुठं लंगडं होतं. मी जनावराच्या अंगावरचेच गोचीड गोळा केले होते. त्यात बहुतेक एकाच गाईवर सगळा जन्म काढणारा प्रकार निघत होता. म्हणून मी सगळीकडे सांगत सुटले होते, गाईला औषध मारा, पुरेसं आहे. पण हा कड्यांच्या पायांचा प्रकार वेगळा. तो रक्त पितो, खाली पडतो, भिंतीच्या फटीत शिरून कात टाकतो आणि मोठा होऊन पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढतो. संकरित गाईंना आणि वासरांना जो गोचीड-ताप मारतो, तो हाच आणतो. भिंत तशीच ठेवून गाईला कितीही फवारलं तरी उपयोग नाही. मावशींना मीच म्हटलं होतं, "औषध नीट मारलं नसेल तुम्ही." त्यानंतर त्यांनी मला भिंतीचं कशाला सांगावं?

"आत्ता बघायचे का भिंगाखाली?" ती उभीच होती.

"ठेवा. बघते मी."

"लगेच बघा की म्याडम, मावशी वाट बघतायत. ताबडतोब सांगते म्हनून आलेय."

"सांगितलं ना, बघते."

ती गेल्यावर मी ती बाटली मांडणीच्या सगळ्यात मागच्या ओळीत, जुन्या बाटल्यांच्या पाठीमागं ठेवली. चिठ्ठीवरचं तिचं अक्षर आता सुंदर झालं होतं.

मी फेकून दिली नाही. मी तेवढी वाईट नाही, असं तेव्हा मला वाटत होतं. माझा बेत साधा होता. आठवड्याभरात मी स्वतः खुटबावला जाईन, भिंत खरडीन, माझ्या चिठ्ठीची बाटली आणीन. तिची बाटली मग त्याच रांगेत दुसरी म्हणून लागेल. शोध माझा होईल. शेवटी ओळखणारी तर मीच होते ना? तिला तर शास्त्रीय नावही लिहिता आलं नसतं.

शुक्रवारी सर येणार होते. त्या दिवशी मी तिला कारेगावच्या गोठ्यांचे नमुने आणायला पाठवलं. तिचं घर तिथंच, तिला सोयीचं, असंही वर म्हटलं. सरांपुढं मी माझा तक्ता मांडला. ते बघता बघता म्हणाले, "भिंतींमध्ये बघितलं का कुठं? आकडे फार एकतर्फी वाटतात."

"पुढच्या आठवड्यात सुरू करतेय सर," मी म्हटलं. त्यांनी समाधानानं मान डोलावली. मला ती मान आवडली.

पुढच्या आठवड्यात वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. चार दिवस दौंडला गेले. मग प्रकल्पाचा अहवाल आला. तिनं दोनदा विचारलं, "म्याडम, त्या बाटलीचं काय झालं?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "रांगेत आहे."

तेराव्या दिवशी सकाळी मी खुटबावला गेले. पिशवीत टॉर्च, लांब चिमटा आणि कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या होत्या. न्हावऱ्यावरून जाताना मनात वाक्यं जुळवत होते, सरांना फोनवर कसं सांगायचं त्याची.

गोठ्यात शिरले तर ती लाडावलेली कालवड खाली बसलेली. मान बाजूला टाकलेली, तोंडाला फेस, नाकपुड्या फुललेल्या. मावशी तिच्यापाशी ओलं पोतं घेऊन बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"परवा दिशी खायाचं सोडलं बघा हिनं," त्या म्हणाल्या.

मी हात लावला. मोजे घालायचं सुचलंच नाही. अंग भाजत होतं. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली होती. डोळ्याची पापणी उलटी केली तर आत कागदासारखं पांढरं. मी गाठीतून सुईनं थेंबभर पाणी काचेवर घेतलं, रक्त घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. इंजेक्शन घेऊनच या, असं सांगितलं. ते तासाभरात आले, त्यांनी औषध दिलं. बाहेर आल्यावर हळूच मला म्हणाले, "उशीर झालाय."

मावशी पोतं पिळत होत्या. एकदम म्हणाल्या, "त्या पोरीनं नेले व्हते की चुडेवाले, बाटलीत. आमास्या व्हऊन गेली त्येला. काय आलं त्येचं?"

मी म्हटलं, "तपासणी चालू आहे."

पिशवीतला चिमटा मी काढलाच नाही. त्या भिंतीकडे तोंड करायची मला लाज वाटली. शिरूरला येऊन काच रंगवली, भिंगाखाली ठेवली. पेशींमध्ये गोचीड-तापाचे निळे ठिपके गच्च भरले होते. पुस्तकात दाखवतात तसे, अगदी स्वच्छ. शिकवायला ठेवावी अशी काच.

कालवड तिसऱ्या दिवशी गेली.

बाटली आली त्याच दिवशी मी सांगितलं असतं तर ती वाचली असती का, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. गोचीड चावल्यापासून ताप चढेपर्यंत दोन-तीन आठवडेही जातात. कदाचित बाटली माझ्या टेबलावर आली तेव्हाच रोग तिच्या अंगात शिरला असेल. कदाचित नसेलही. पण भिंतीत काय आहे ते ठाऊक असतं तर मावशींनी तिला तिथून हलवली असती, रोज हात लावून ताप बघितला असता, पहिल्याच दिवशी डॉक्टर आले असते. एवढं तर नक्की. हा हिशेब मी इतक्या वेळा मांडलाय की आता तो मला पाठ झालाय.

बातमी तिला मावशींनीच फोनवर दिली. ती दुपारी आली, थेट मांडणीपाशी गेली आणि एकेक ओळ बाजूला करत मागं पोचली. बाटली सापडली. झाकणावर धूळ बसली होती. मी टेबलाशी बसून सगळं बघत होते.

बाटली हातात घेऊन ती माझ्याकडे वळली. तिनं ओढणीनं झाकण पुसलं. मग म्हणाली, "इसरला असाल म्याडम. तुमच्या आबांचं आपरेशन व्हतं."

तिनं मला वाट करून दिली होती. मी ती घेतली. "हो," मी म्हटलं, "राहून गेलं."

बाटली लपवण्यापेक्षा हे वाईट होतं. लपवताना मी एकटी होते. आता तिच्या चांगुलपणाचाही मी वापर केला होता. आणि गंमत म्हणजे, त्या क्षणीही मला हेवाच वाटत होता. इतकं सहज समजून घेणं मला का जमत नाही, असा.

तीन दिवस मी तसेच काढले. रविवारी कारेगावला गेले. कंपनीतल्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांची लांब रांग. दोऱ्यांवर निळे-राखाडी युनिफॉर्म वाळत होते. शेजारच्या खोलीत कुणीतरी हिंदीत गावाकडं फोनवर बोलत होतं. तिचा नवरा शिफ्टला गेला होता. तिनं गॅसवर चहा ठेवला. मी भिंतीला टेकून सतरंजीवर बसले आणि चहा उकळायच्या आधीच सांगून टाकलं. ओळखलं होतं, लपवली होती, स्वतः जाऊन आणणार होते.

तिनं गॅस बारीक केला. पाठ माझ्याकडेच होती.

"मला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "बाटलीच्या म्होरं दुसऱ्या बाटल्या रचल्या व्हत्या. इसरलेली बाटली म्होरं ऱ्हाती, मागं न्हाई जात."

"मग तसं म्हणालीस का नाहीस?" पहिल्यांदाच मी तिला एकेरीत बोलले.

"तुमाला लाज वाटंल म्हनून." आता ती वळली. डोळे लाल होते, पण रडत नव्हती, रागावली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "कालवड मेली म्याडम. तुमी माझ्यावर वरडला असता, कामावरनं काढलं असतं, चाललं असतं. मी काय केलं व्हतं तुमचं?"

मी म्हटलं, तू काही केलं नव्हतंस. मग माझ्या तोंडून त्या आप्पांच्या गोठ्याचं निघालं. पाणी, ओंजळ, आडनाव. तुला दारं कशी उघडतात आणि मला कशी उघडत नाहीत. मी बोलत सुटले. दोन-तीन महिन्यांचं नव्हे, कितीतरी वर्षांचं बोलत होते.

तिनं मधेच थांबवलं नाही. मी संपवल्यावर म्हणाली, "ती ओंजळ मी बघितली व्हती. बघून खाली मान घातली. आप्पा आमच्या पाव्हण्यातले. बोलाया पायजे व्हतं, बोलले न्हाई. ती माझी चूक हाय, आन् ती मला रोज आठवती." मग म्हणाली, "पर मावशीच्या कालवडीनं तुमाला वरनं पानी पाजलं नव्हतं."

तिनं चहा गाळला, पेला माझ्यापुढं सरकवला. आम्ही दोघी चहा प्यायलो. चहात साखर जास्त होती.

सोमवारी सरांना सगळं कळवलं. तिचं नाव, तारीख, भिंत, केसातला आकडा, आणि बाटली इतके दिवस कुणी दडवून ठेवली तेही. त्यांचा फोन आला. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "नमुना कुणाच्याही बापाचा नसतो. तो गोठ्याचा असतो." मग भिंतींच्या पाहणीचं काम तिच्याकडे दिलं. मी तिची मदतनीस. हे त्यांनी शिक्षा म्हणून केलं की सोय म्हणून, मी विचारलं नाही.

मावशींना सांगायला आम्ही दोघी गेलो. मी गोठ्यातच उभी राहून बोलले. त्या वैरण तोडत होत्या, विळा थांबला नाही. माझं संपल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, तिला म्हणाल्या, "हिला म्हनावं, म्होरल्या टायमाला बाटली मलाच दाव. कोनचा हाय त्ये मीच सांगते."

'म्याडम' गेलं होतं. 'तुमी' गेलं होतं. मी ते मुकाट्यानं घेतलं.

त्या आठवड्यात आम्ही मावशींच्या भिंतीच्या सगळ्या फटी खरडल्या, गॅसच्या बर्नरनं दगड भाजून काढले आणि सिमेंटनं सांधे भरले. धूर आणि करपलेला वास. दुपारपर्यंत माझे दोन्ही तळहात सोलले. ती हसत खेळत काम करत होती, मावशी तिला मधेमधे गूळ-शेंगदाणे देत होत्या. मलाही दिले, वाटी कट्ट्यावर ठेवून. पुढच्या महिन्यांत आम्ही दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी भिंती तपासल्या. जिथं दगड-मातीची जुनी भिंत, तिथं बहुतेक ठिकाणी चुडेवाला निघाला. माझा तक्ता मी स्वतःच्या हातानं फाडला.

वर्षअखेरीस पुण्यात मोठी बैठक झाली. पोस्टरवर तिचं नाव आधी, माझं नंतर. ती पदविकेवाली आणि मी एवढी शिकलेली, हे तिथं कुणालाच महत्त्वाचं वाटलं नाही. ती मराठीतच बोलली. केसातला आकडा काढून दाखवला तेव्हा सभागृहात हसू फुटलं, मग टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या. पण त्या किती वेळ चालतात तेही बघत होते. एक प्रश्न प्रयोगशाळेतला आला. तिनं माझ्याकडे हात केला, "त्ये म्याडम सांगतील." मी उत्तर दिलं, बरोबर दिलं. लोकांनी मान डोलावली आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. गोष्ट सांगितली की तो जातो, माफी मागितली की जातो, असं मला कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर तो आता माझ्या ओळखीचा झालाय. कधी उठतो, कशाला टेकून उभा राहतो, ते मला कळतं.

प्रकल्प संपला. ती आता वरवंड भागात एका दूधसंस्थेकडे गोठे बघते. मी दौंडला, एका तपासणी प्रयोगशाळेत. तिच्याकडचे नमुने माझ्याकडेच येतात. पिशवीवर तिचं अक्षर दिसलं की क्षणभर हात आखडतो. मग मी हातातलं काम बाजूला ठेवून तीच पिशवी आधी उघडते.

गेल्या आठवड्यात पाटसच्या एका गोठ्यातली काच तीन वाजता आली. रंग वाळायला थोडा वेळ गेला. चार वाजायच्या आत मी तिला फोन केला. "ताप आहे, पण लवकर सापडलाय. डॉक्टरांना आजच इंजेक्शन द्यायला सांग."

"सांगते," ती म्हणाली. मागं गाय हंबरत होती. तिनं फोन ठेवला.